शिखराच्या पायथ्याशी

महामाया लातूरच्या बसमध्ये बसली खरी, पण वाटेतलं लोहा गाव येईपर्यंत तिनं दोनदा मनाशी ठरवलं की इथंच उतरावं आणि नांदेडला परत जावं.

शिवमूर्ती सरांना काय सांगायचं, हेच तिला उमगत नव्हतं. एका हलक्या, अस्थिर अणुकेंद्रकाचं वस्तुमान सरांनी वीस-बावीस वर्षांपूर्वी मोजलं होतं. ते केंद्रक टकरीतून जन्मतं आणि जन्मताच फुटतं. तराजूत घालण्याइतकं ते टिकतच नाही. म्हणून टकरीतून उडालेल्या दुसऱ्या कणाची ऊर्जा मोजायची आणि हिशोबात जे कमी पडेल त्यावरून त्याचं वस्तुमान काढायचं. आलेखावर शिखरं उमटतात. सगळ्यात खालच्या ऊर्जेचं शिखर म्हणजे केंद्रकाची मूळ अवस्था, वरची सगळी उत्तेजित, म्हणजे जादा ऊर्जेच्या अवस्था. सरांचा आकडा जगभर वापरला जाई. महामायाला भौतिकशास्त्राची गोडी लावली तीही सरांनीच.

आता तिच्या नव्या मोजणीत सरांच्या शिखराहून खालच्या ऊर्जेला, त्याच्या पायथ्याशी, एक छोटा उंचवटा निघाला होता. म्हणजे सरांनी मूळ मानली ती अवस्था उत्तेजित होती. केंद्रक त्यांनी सांगितलं त्याहून किंचित हलकं होतं.

आणि सर तर पक्षाघातानं वर्षभर घरात बसून होते.

लातूरला सरांच्या पत्नी जगदेवीकाकूंनी दार उघडलं, पाणी दिलं, सर हल्ली फार बोलत नाहीत असं हळूच सांगितलं. महामायानं तब्येतीची चौकशी केली, विद्यापीठातल्या गप्पा सांगितल्या. मूळ विषय काही निघेना. शेवटी सरांनीच तिच्या पिशवीकडं बोट केलं.

तिनं आलेख त्यांच्या मांडीवर ठेवला. सरांनी चष्मा मागितला. डाव्या हाताचं बोट कागदावरून सरकत त्या उंचवट्यावर येऊन थांबलं.

"टारगेटमधल्या कार्बनमुळं आलं नसंल कशावरून?" त्यांनी विचारलं. शब्द जड येत होते.

नुसत्या कार्बनवर वेगळी मोजणी केल्याचं तिनं सांगितलं; ज्या पातळ पापुद्र्यावर कण आदळवतात त्यातल्या कार्बनचा हा उंचवटा नव्हता. मग त्यांनी कण टिपणाऱ्या शोधक यंत्राची पारख विचारली, आकडेमोड विचारली. तोंडी परीक्षेला बसल्यासारखी ती उत्तरं देत गेली. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. सरांना एवढं बोलताना त्यांनी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

"मग हाय ते," सर म्हणाले. "माझा आकडा चुकला असं सरळ लिही. गुळमुळीत लिहू नको."

"सर, शोधनिबंधात तुमचंही नाव घालते."

"न्हाई. हे मोजलं तू."

महामायाचे डोळे भरून आले. सरांनी हात तिच्या डोक्यावर ठेवला. मग लगेच, जणू काही झालंच नाही असा, पुन्हा कागदाकडं वळवला.

"ह्या वरच्या अंगाला अजून काय दिसायलंय?"

तिथं खरंच काहीतरी पुसट होतं. तिनं खुर्ची जवळ ओढली. काकूंनी आणलेला चहा दोघांच्या मध्येच निवून गेला, आणि काकूंनी दुसरा ठेवला.

त्या दिवसापासून सुट्टी मिळाली की महामाया लातूर गाठते. आलेख घेऊन.