ठेवलेला शर्ट

गरजूंना कपडे वाटणाऱ्या त्या संस्थेत तिला सगळे कातरबाई म्हणत. पगार नाही की हजेरी नाही, तरी रोज सकाळी ही बया कुलूप उघडायच्या आधी दारात उभी. लोकांनी दिलेल्या ढिगातला एकेक कपडा उचलायचा, कॉलर आणि कोपर चाचपायचं. धड असेल तर उजवीकडे, विरलेला असेल तर कात्री. गॅरेजवाल्यांना पुसायला चिंध्या लागतातच. कपडा उलगडून बघायची तिला गरजच पडत नसे. तोंडाचा पट्टा चालू आणि हातही चालू.

गेलेल्या माणसाचे कपडे घेऊन कुणी आलं, की ते हमखास दारात घुटमळायचं. कातरबाई पिशवी अलगद काढून घेत म्हणायची, "एकदा काळजावर दगड ठेवा, मग मोकळं वाटतं." सांगायला तिचं काय जात होतं! तिचा एकुलता एक मुलगा तापाने गेला, तेव्हा त्याचे बाकीचे कपडे तिने इथेच दिले. एक शर्ट मात्र कपाटात दडवला. घरी गेली की त्यात तोंड खुपसून रडायची. त्याला अजून लेकाचा वास येत होता.

त्या दिवशी पोस्टातून निवृत्त झालेले काका ढीग पुढे सारत होते आणि ती त्यांच्या ढेरीची टिंगल करत होती. हाताला एक शर्ट लागला. कोपर विरलेलं. तिने खालपासून कॉलरपर्यंत पाठ सरळ फाडली आणि बटणं कापायला शर्ट वळवला. एक बटण हिरव्या दोऱ्याने शिवलेलं होतं. घरात निळा दोरा नव्हता म्हणून तिनेच लावलेलं. "आई, सगळे हसतील ना मला!" म्हणून लेक फुरंगटला होता.

"काय झालं हो बाई?" काकांनी विचारलं.

"काही नाही. कात्री लागली," ती म्हणाली. फाडलेला शर्ट पर्समध्ये कोंबून ती घरी निघाली. नवऱ्याशिवाय हे कुणाचं काम असणार? वाटभर ती मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती.

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. आज मात्र एक घड्याळ उघडंच टाकून तो तिची वाट बघत होता.

"मीच टाकला गं तो ढिगात," तो दारातच म्हणाला. "तुझं रडणं बघवत नव्हतं. तूच सगळ्यांना सांगतेस ना, मोकळं वाटतं म्हणून." मग घाबरत घाबरत विचारलं, "कुणाला मिळाला?"

तोंडाशी आलेल्या शिव्या गिळून तिने पर्स काखेत दाबली.

"एका मुलाला," ती म्हणाली.

"कसा होता?"

"उंच. काटकुळा. डावा खांदा जरा उतरलेला. बोलताना सारखा केस मागे सारत होता."

"मग बसला असेल त्याला नीट," तो म्हणाला.

"हो. अगदी मापाचा."

मुलगा गेल्यापासून ताटावर नुसता बसून उठणारा तो माणूस त्या दुपारी पोटभर जेवला, दोनदा मागून घेतलं. ती वाढत राहिली. खांद्यावरची पर्स तिने अजून काढलीच नव्हती.