कैलासाला जाणारा श्वास

लासूर स्टेशनचे आप्पासाहेब दुपारी जेवून उताणे झोपले, की त्यांचा श्वास काही क्षण थांबत असे. मग मोठा हुंकार येई आणि श्वास पुन्हा सुरू होई.

श्वासानंद महाराजांनी यालाच समाधी ठरवले होते. त्या दुपारीही ओसरी माणसांनी भरली होती. महाराजांनी आप्पासाहेबांना फळीवर उताणे निजवले, भर वैशाखात गळ्यापर्यंत शाल पांघरली आणि नाकाशी कापसाचा पुंजका धरला. कापूस हलेना.

"प्राण कैलासाला निघाले," महाराज म्हणाले. लोकांनी हात जोडले. तेवढ्यात हुंकार फुटला आणि कापूस उडून एका भक्ताच्या मिशीत अडकला. "दर्शन घेऊन आले," महाराजांनी जाहीर केले.

आप्पासाहेबांच्या पत्नी मनकर्णाबाई मात्र धास्तावल्या होत्या. आप्पासाहेब दिवसाही बसल्या जागी पेंगत. नुकतीच त्यांनी जीप बाभळीवर घातली होती. तरी उद्या सिल्लोडला वऱ्हाडाची जीप तेच नेणार होते, कारण समाधी लागणाऱ्याचे स्टिअरिंग देव सांभाळतो, असे महाराजांचे म्हणणे. म्हणून बाईंनी शहरातून घशाच्या डॉक्टर सरोजिनीबाईंना आग्रहाने आणले होते.

कापूस पुन्हा थांबताच डॉक्टरांनी शाल खाली ओढली. पोट आणि छाती जोराने धडपडत होती.

"महाराज, प्राण कैलासाला गेले, तर पोट कोण हलवतंय?"

ती देहाची जुनी सवय आहे, असे महाराजांनी सांगितले. डॉक्टरांनी आप्पासाहेबांना कुशीवर वळवले आणि पाठीशी लोड लावला. कापूस संथपणे डोलू लागला. समाधी काही लागेना. परस्पर्शाने देव रुसला, असे महाराज म्हणाले.

"मंग देव लई वर्सं रुसलेला हाये," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मी रोज रात्री कोपरानं ढोसते, की हे कुशीवर वळत्यात अन् गुमान झोपत्यात."

ओसरी हसली. महाराजांना अचानक मनमाडची गाडी आठवली.

आप्पासाहेब डोळे चोळत उठले. "म्हंजी मी सिद्ध नाय व्हय?"

"नाही. तुमची झोपच होत नाही. उपचार होईपर्यंत जीप चालवायची नाही."

मनकर्णाबाईंनी आप्पासाहेबांच्या खिशातून किल्ली काढून पुतण्या बद्रीनाथच्या हाती दिली.

घरात कोणाचा श्वास असा अडत असेल, तर त्याची पूजा न करता तपासणी करावी. कारण साधे आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. जीभ आणि मऊ टाळू मागे सरकून हवेची वाट बंद करतात. मान जाड असली, माणूस उताणा असला, की हे अधिक घडते. छाती जोर लावत राहते, रक्तातला प्राणवायू घटतो आणि मेंदू माणसाला अर्धवट जागे करतो, तोच हुंकार. झोप अशी वारंवार मोडल्याने दिवसा डुलकी लागते, रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. वजन उतरवून, कुशीवर झोपून किंवा हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारे यंत्र लावून हा त्रास आटोक्यात येतो. हा आजार आहे.