खडकावरची तांबोशी

मी एक पट्टी बोलतेय. कापडाच्या दुकानातली लोखंडी पट्टी नव्हे, आणि कंपासपेटीतली तर नव्हेच. मी मासे मोजते. मीटरभर लांब, वीतभर रुंद, पांढऱ्या जाड प्लॅस्टिकची. माझ्या एका टोकाला एक उभी फळी आहे. माशाचं तोंड तिला टेकवायचं, अंग माझ्यावर सरळ निजवायचं आणि शेपूट संपेल तिथला आकडा वाचायचा. समुद्रापासून इतक्या लांब, बेंगळुरूत, अशा पट्टीची गरज कुणाला पडावी, असं तुम्हाला वाटेल. मला घडवणाऱ्या गिरीराजअण्णांनाही तसंच वाटलं होतं.

आनेकलला त्यांचं छोटं वर्कशॉप आहे. दारावरच्या पाट्या, यंत्रांवर लावायच्या सूचना असलं काम तिथे चालतं. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इकडचंच. घरात मराठी बोलतात, पण तिच्यात कन्नड कधी मिसळली ते त्यांनाही ठाऊक नाही. माझे मालक उमाकांतराव सरकारी कारखान्यात इंजिनियर होते तेव्हापासूनची दोघांची ओळख. निवृत्तीनंतर उमाकांतराव कागदावर माझं चित्र काढून घेऊन आले.

"मासा मोजून काय करतात हो सार?" गिरीराजअण्णांनी विचारलं.

"सोडून देतात."

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. "पकडायचं, मोजायचं आणि सोडायचं? सरी. तुमची मर्जी. स्वल्प बसा, काफी मागवतो."

कॉफी झाली आणि मीही झाले. आकडे माझ्या अंगात कोरून त्यांत काळा रंग भरला, म्हणून ते आजवर टिकलेत.

मी एचएसआर लेआउटमधल्या फ्लॅटमध्ये राहायला आले. घरात उमाकांतराव आणि कल्पनाताई, दोघंच. मुलगा मकरंद परदेशात. उमाकांतराव गळ टाकून मासे धरणाऱ्या सात-आठ जणांच्या मंडळात होते. ही मंडळी पावसाळा सरला की गाड्या काढून कारवारला जायची, तिथून बोटीने खोल समुद्रात. मंडळात दरवर्षी दोन बक्षिसं असत: एक किनाऱ्यावरून धरलेल्या सर्वांत लांब माशाला, दुसरं बोटीतून धरलेल्याला. एकच बक्षीस ठेवलं असतं, तर किनाऱ्यावरच्या माणसाने उभं तरी कशाला राहायचं? बक्षीस हवं असेल तर मासा मोजायचा, माझ्यावर ठेवून फोटो काढायचा आणि जिवंत सोडायचा, असा नियम होता.

पहिल्याच सहलीआधी उमाकांतरावांनी बायकोला सगळं समजावलं. "तांबोशीचंच घे. तिची पिल्लं खाडीत, खारफुटीत वाढतात. तिथे मिळेल ती अशी, वीतभर, फार तर दीड वीत. अंगात ताकद आली की ती बाहेर पडते आणि खोल पाण्यातल्या खडकांत जाऊन राहते. तिथली तांबोशी हातभराहून मोठी. मासा तोच, पण बघून ओळखणार नाहीस."

"आपल्या मकरंदासारखंच की," कल्पनाताई म्हणाल्या. "मोठा झाला आणि लांब गेला."

कल्पनाताईंचं माहेर देवगडकडचं, खाडीकाठचं. गळ टाकायला त्या लहानपणीच शिकल्या होत्या. पण बोट जरा डोलली की त्यांना मळमळायचं. त्यामुळे कारवारला पोचलं, की बाकीचे बोटीवर जायचे आणि त्या गळाची हलकी काठी घेऊन खडकावर बसायच्या. बोटीवर मंडळाची दुसरी पट्टी असायची, म्हणून मी त्यांच्याजवळ राहायचे. मला ते आवडायचं. मासा ठेवण्याआधी त्या माझ्यावर समुद्राचं पाणी ओतायच्या. कोरड्या पट्टीवर माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि मग त्याला रोग धरतो, हे त्यांना माहीत होतं. छोट्या तांबोशा, कधी एखादा पालू मासा. माझ्या अर्ध्या भागापर्यंत कधी मासा पोचलाच नाही म्हणा ना.

संध्याकाळी बोट परत आली की मंडळी फोनवर फोटो दाखवायची. मासा हात लांब करून कॅमेऱ्याच्या अगदी पुढे धरायचा आणि आपण मागे राहायचं, म्हणजे तो दुप्पट दिसतो. ही युक्ती सगळेच करत आणि दुसऱ्याने केली की सगळेच ओळखत. "वहिनी, आज काय? चहाच्या बशीत मावतील का?" असं गुरुदत्त विचारायचे. ते मंडळाचे सेक्रेटरी. मनाने वाईट नव्हते. कल्पनाताई हसून सोडून द्यायच्या.

मग गेल्या वर्षीची ती सकाळ आली.

भरती चढत होती. खडकाखाली बारीक मासळीचा थवा आला होता आणि पाणी उकळल्यासारखं दिसत होतं. कल्पनाताईंनी जिवंत कोळंबी लावून गळ टाकला आणि क्षणात काठी कमानीसारखी वाकली. रिळावरची दोरी सुसाट पळू लागली. त्या "अगं बाई!" म्हणून उठल्या. मासा खडकाच्या कपारीत गेला तर दोरी कापली जाणार, हे ओळखून त्या वाळूच्या बाजूला सरकत राहिल्या. पाय घसरला, गुडघा फुटला, पण काठी सोडली नाही. बऱ्याच वेळाने पाण्यात तांबूस काहीतरी चमकलं. त्या गुडघाभर पाण्यात उतरल्या आणि दोन्ही हातांनी उचलून तिला माझ्यावर आणून ठेवलं.

तांबोशी! भाजलेल्या विटेसारखा रंग, कुत्र्यासारखे सुळे. माझ्या ज्या आकड्यांना कधी माशाचा स्पर्श झाला नव्हता, त्यांच्यावरून तिची शेपूट पसरली. सत्त्याहत्तर. कल्पनाताईंनी दोनदा वाचलं.

मग त्यांनी खिसा चाचपला. मोबाईल भिजू नये म्हणून त्यांनी तो वर, रस्त्यावरच्या गाडीत ठेवला होता. आसपास चिटपाखरू नव्हतं. त्यांनी एकदा चढणीकडे पाहिलं, एकदा माशाकडे. तांबोशीचे कल्ले उघडझाप करत होते, आणि प्रत्येक वेळी थोडे कमी उघडत होते.

"जा बाई तू," त्या म्हणाल्या.

त्यांनी तिला पाण्यात नेलं आणि तोंड लाटेकडे करून दोन्ही हातांत धरून ठेवलं. थोड्या वेळाने शेपटीत जीव आला. एक झटका, आणि हात रिकामे. कल्पनाताई भिजलेल्या कपड्यांनिशी तिथेच बसल्या आणि एकट्याच हसत राहिल्या. मी त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

महिन्याभराने इंदिरानगरच्या एका हॉटेलात मंडळाचं जेवण होतं. बक्षिसं द्यायच्या वेळी मला मानाने टेबलावर उभं करतात, म्हणून मीही होते. कल्पनाताईंनी तोवर मनातच ठेवलेली आपल्या माशाची लांबी सांगितली.

"वहिनी, राग मानू नका," गुरुदत्त म्हणाले, "पण एवढी तांबोशी खडकावरून? ती खोल पाण्यातच मिळते. फोटो आहे का?"

"फोटो काढत बसले असते तर ती मेली असती."

"पाण्यात सगळं मोठंच दिसतं हो, वहिनी."

कल्पनाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. उमाकांतराव अवघडले, आणि अवघडलेला माणूस करतो तेच त्यांनी केलं. "अहो, आमच्या हिला घरात उंदीर दिसला तरी तो मांजराएवढा असतो!"

सगळे खो खो हसले. कल्पनाताईही हसल्या. मग त्यांनी पुढ्यातली वाटी उगाचच ताटाच्या दुसऱ्या बाजूला ठेवली.

घरी आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "बक्षीस नको होतं मला. तुम्ही हसवलंत त्यांना."

"अगं, गंमत केली."

"हो. कळलं मला."

त्यानंतर त्यांनी काठीला हात लावला नाही. मी बाल्कनीत आले. माझ्यावर आधी कढीपत्ता वाळला, मग तुळशीची कुंडी बसली. कुंडीतलं पाणी माझ्या आकड्यांवरून झिरपायचं. समुद्राच्या पाण्याची मला आठवण यायची. त्या मात्र कुंडीला पाणी घालताना माझ्याकडे बघत नसत.

या वर्षी उमाकांतराव एकटेच निघाले. मंडळाची दुसरी पट्टी तुटली होती, म्हणून त्यांनी मला कुंडीखालून काढून बोटीवर नेलं. मी पहिल्यांदाच एवढ्या लांब, खोल पाण्यावर गेले. दुपारी उमाकांतरावांच्या गळाला जड काहीतरी लागलं. बुडापासून वर ओढता ओढता त्यांचे दंड थरथरू लागले. वर आली ती तांबोशीच. आयुष्यातली त्यांची सर्वांत मोठी.

मला मात्र ती दिसताच कसंतरी झालं. इतक्या खोलातून भराभर वर आल्याने तिच्या पोटातली हवा फुगली होती. डोळे बाहेर आले होते. तिला माझ्यावर निजवलं. चौऱ्याहत्तर. आणि सगळे फोन काढून पुढे सरसावले.

"सार, इकडे बघा! अजून एक! मासा जरा पुढे धरा!"

"बास रे, सोडू दे आता," उमाकांतराव म्हणाले. पण उजेड बरोबर नव्हता, एकाचा अंगठा मध्ये आला होता, एकाला स्वतःसोबत हवा होता.

शेवटी त्यांनी तिला पाण्यात सोडलं. ती खाली गेलीच नाही. पांढरं पोट वर करून बोटीच्या बाजूने वाहत राहिली. उमाकांतराव कठड्यावरून वाकून बघत होते. जराशाने वरून एक घार आली.

"फोटो मस्त आलाय," गुरुदत्त म्हणाले. "या वर्षीचं बक्षीस तुमचंच."

उमाकांतरावांनी मान हलवली.

घरी कल्पनाताई स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या. ते मला काखेत घेऊन तसेच आत आले आणि समोरच्या खुर्चीवर बसले.

"मोठी तांबोशी मिळाली," ते म्हणाले.

"अरे वा."

"मेली. आम्ही फोटो काढत बसलो." ते थांबले. "तू एकटी होतीस, गुडघा फुटला होता, आणि तरी तुला सुचलं. आम्ही सहा जण होतो. कल्पना, मी त्या दिवशी फार वाईट बोललो. आणि घरी येऊनसुद्धा तुला काहीच विचारलं नाही."

कल्पनाताई मेथीची काडी हातात धरून बसल्या.

"सांग ना," उमाकांतराव म्हणाले. "केवढी होती?"

कल्पनाताईंनी मेथी बाजूला सारली, ओल्या फडक्याने मला पुसलं आणि टेबलावर आडवं ठेवलं. फळीपासून सुरुवात करून त्यांचं बोट हळूहळू सरकत गेलं आणि एका जागी थांबलं.

"इथवर."

उमाकांतरावांनी चष्मा लावून आकडा वाचला. "म्हणजे माझ्यापेक्षा मोठी!"

"मग?" कल्पनाताई म्हणाल्या. "आणि सुळे कसले होते, माहीत आहे? आधी ऐका नीट. भरती चढत होती…"

मी टेबलावर पडून सगळं पुन्हा ऐकलं. एक शब्दही वाढवलेला नव्हता.

आता मी दाराजवळ, काठ्यांच्या शेजारी उभी असते. पाठीवर कुंडीचा गोल डाग पडलाय, तो जाणार नाही. पुढच्या पौर्णिमेच्या भरतीला आम्ही तिघं कारवारच्या खडकावर जाणार आहोत. तिथे माझ्यावर वीतभर मासे येतील, आणि मला त्याचं काही वाटत नाही. तुम्हाला मात्र एक सांगते. मी लांबी मोजते, पण मला तोंड नाही, मी कुणाची साक्ष देऊ शकत नाही. तुमच्या घरातलं कुणी डोळे मोठे करून काही सांगायला आलं, तर हसायच्या आधी जरा खुर्ची ओढून बसा, आणि विचारा त्यांना.