मापाचा आवाज

लाभ.
भात मोजताना पहिल्या पायलीला कुणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात. म्हणून सुरुवात इथून. १९५८च्या सुगीत मुळशीच्या वरच्या अंगाला एका वाडीनं ठरवलं, की तानुबाईची सहा वर्षांची पारू बहिरी आहे. पोरगी ऐकून न ऐकल्यासारखं करते, हेही त्याच वाडीनं ठरवलं. दोन्ही मतांची माणसं एकच होती, त्यामुळे भांडण झालं नाही.

दोन.
आजी रंभाबाई गोड हाक मारी, "पारूऽ, माझी सोन्याची बाय गं ती." पारू कानांवर हात ठेवी. बाप भैरू ओरडे. पारू भिंतीकडे तोंड करी. शेजारणींचा आवाज बोलताना वर जाई, खाली येई, मधेच हसे. पारू पळून जाई. दोन घरं पलीकडे तव्यावर भाकरी पडल्याचा आवाज मात्र तिला ऐकू येई. यावर उपाय म्हणून सगळे आणखी मोठ्यानं बोलू लागले. वाडी हुशार होती.

तीन.
भगत भिवाजी आला, पोरीकडे लांबून पाहिलं, म्हणाला, "कानात कुनीतरी बसलंय. अवसेला इळा तापवून मानेवर डाग देऊ. एक कोंबडा लागंल."
"डागाला कोंबडा कशाला?" तानुबाईनं विचारलं.
"डागाला न्हाई, मला."
कोंबड्याच्या बाबतीत भिवाजी खोटं बोलत नसे.

तीन.
(मधे कुणी बोललं की मापाऱ्याला तेच माप पुन्हा म्हणावं लागतं. इथं भिवाजी बोलला.)
खळ्यावर गेणबा मापारी भात मोजत होता. मोजताना त्याचा आवाज चढत नाही, पडत नाही. पुढची पायली भरेपर्यंत तेच. "पाच हाय पाच, पाच हाय पाच." पारू राशीला चिकटून बसलेली. मान वर न करता, त्याच सुरात, गेणबा म्हणाला, "पारू सरक, पारू सरक, सहा हाय सहा."
पारू सरकली.
तानुबाईच्या हातातलं सूप थांबलं. सहा वर्षं वाडी हाकेत माया घालत होती, राग घालत होती, कीव घालत होती. त्या गर्दीत शब्द पोरीपर्यंत पोचतच नव्हते. गेणबानं काहीच घातलं नाही, तर शब्द तेवढे उरले.
तिनं घरी सांगितलं. रंभाबाई म्हणाली, "म्हंजे आता नातीला मापारी ठिवायचा का काय?"

चार.
अवसेची दुपार. खळ्यावर गोवऱ्यांत विळा.
"एकदा मी बोलावते," तानुबाई म्हणाली. "आली तर डाग न्हाई."
"बोलव की," भिवाजी म्हणाला. "इळा तापायला येळ हाय."
तिनं हाक मारली. आवाज चढला, मधेच चिरकला. पारूनं कान झाकले.
"झालं समाधान?" रंभाबाईनं विचारलं.

चार.
(यावेळी रंभाबाई बोलली.)
विळा लाल झाला होता. तानुबाईनं त्याच्याकडे पाठ केली आणि पायली उचलली.
"लाभ हाय लाभ." भात ओतला. "दोन हाय दोन." आवाज गेणबासारखा, सपाट. "पारू ये, पारू ये. तीन हाय तीन. आजीला पानी दे. चार हाय चार."
पारूनं हात कानांवरून काढले. उठली. मडक्यातून तांब्या भरला, आजीपुढं ठेवला आणि आईजवळ येऊन राशीत हात खुपसून बसली.

पाच.
इळा बघूनच कानातलं पळालं, असं भिवाजीनं जाहीर केलं. विळा पाण्यात विझवला आणि कोंबडा नेला. रंभाबाई पाणी प्याली, मग म्हणाली, "आईनं पोरीशी असं बोलावं व्हय? दगडावानी?"
वाडीला आनंद झाला. वाडी पारूभोवती जमली आणि मोठ्यानं तिचं कौतुक करू लागली. पारूनं कान झाकले.
तानुबाई मधे येऊन बसली. चढ नाही, उतार नाही.
"आई हाय आई. हितं हाय, हितं हाय."
पारू हळूच तिच्या मांडीवर रेलली.
"काळीज लई कोरडं हाय बाईचं," मागं एक शेजारीण म्हणाली. आवाजात किती कळवळा होता.