धनलक्ष्मीअम्मांच्या उशाची घंटा

मित्रांनो, कोवलमच्या वाटेवरच्या एका वृद्धाश्रमात भिंतीवर पिवळट पडलेली जी जुनी कॉलबेल दिसते, ती मी. माझं बटण पलंगाच्या उशाशी, माझा आवाज आयांच्या खोलीत आणि दोघांच्या मध्ये एक वायर. एवढंच माझं शरीर.

अंबत्तूरच्या एका कारखान्यात मी जन्मले. तरुणपणी अड्यारच्या एका दवाखान्यात होते. तिथे मी वाजले की नर्स हातातलं काम टाकून धावत यायची. एक आजोबा तर म्हणायचे, "ही माझी धाकटी लेक. हिने हाक मारली की सगळे हजर!" ते ऐकून मी फुलून जायचे. पुढे तिथे नवी यंत्रं आली आणि माझी रवानगी इथे झाली.

इथे धनलक्ष्मीअम्मा माझ्या वाट्याला आल्या. तंजावरचं मराठी घराणं. शाळेत भूगोल शिकवायच्या. गुडघे गेले होते, पण मान ताठ होती. मुलगा रघुराम आणि सून रम्या पेरुंगुडीत नोकरीला. दिवसभर घरात कुणी नसे. अम्मा एकदा न्हाणीघरात घसरल्या, तेव्हा घाबरून रघुरामने त्यांना इथे आणलं. माझं बटण त्यांच्या हातात देत तो म्हणाला, "अम्मा, काही लागलं की हे दाब. लगेच येतील."

अम्मा मला उगाच दाबत नसत. पण दुपारी अख्ख्या मजल्याला एकच आया, सेल्वी. ती बिचारी कुठे कुठे पुरणार? व्यवस्थापक राजगोपाल यांना माझ्या आवाजाचा मात्र वैताग यायचा. दुसरी आया ठेवायचं त्यांच्या मनात आलं नाही. "या बाईला सवयच लागलीय," असं म्हणून एके दिवशी त्यांनी माझी वायर उपटली.

अम्मांना कुणी सांगितलंच नाही. त्या बटण दाबत राहिल्या आणि मी मुकी. रविवारी रघुराम यायचा, तेव्हा चादर धुतलेली असायची, केस विंचरलेले असायचे.

"सगळं ठीक ना?" तो विचारायचा.

"ठीक रे," अम्मा म्हणायच्या. लेकाच्या जिवाला घोर लावणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

मग ती दुपार आली. अम्मांनी मला दाबलं, पुन्हा दाबलं. शेवटी अंथरूण खराब होऊ नये म्हणून त्या एकट्याच उठल्या आणि दारापाशी कोसळल्या. सेल्वी चहा घेऊन आली, तेव्हा कुठे त्या कुणाला दिसल्या.

रघुराम धावत आला. "अम्मा, बेल का नाही दाबलीस?"

"दाबली की रे कण्णा. कितीदां दाबली. कोणी येईनात."

खुब्याचं हाड मोडलं होतं. अम्मा दवाखान्यात गेल्या, त्या परतल्याच नाहीत.

रघुरामने तक्रार केली, तेव्हा एक सरकारी अधिकारी तपासणीला आले. पण आधी कळवून आले! राजगोपालांनी आदल्या दिवशीच वायर जोडून घेतली होती. अधिकाऱ्यांनी बटण दाबलं आणि मी खणखणीत वाजले. "चालू तर आहे," म्हणत ते निघून गेले. मला वाजायचं नव्हतं, मित्रांनो. पण घंटेला गप्प बसणं तरी कुठे जमतं? ते गेल्यावर वायर पुन्हा निघाली.

पुढे रघुराम आणि रम्या अम्मांचे कपडे न्यायला आले.

"पोलीस म्हणतात, कुणी मारलं का? ढकललं का? मग गुन्हा कुणावर नोंदवू?" रघुराम सांगत होता. "त्या सरकारी ऑफिसात म्हणतात, मुलं सांभाळत नसतील तर मुलांना जाब विचारता येतो. आश्रमाला फार तर नोटीस."

"आणि नोटीस आली की हे चादर बदलणार," रम्या म्हणाली.

रघुराम रिकाम्या पलंगावर बसला. त्याने माझं बटण दाबलं आणि वाट पाहिली. बराच वेळ पाहिली. कुणीच आलं नाही.

"इतक्या रविवारी आलो," तो म्हणाला, "पण एकदाही दाबून पाहिलं नाही गं."

आता त्या पलंगावर दुसऱ्या एक आजी आहेत. त्यांनाही कुणी काही सांगितलेलं नाही.

मित्रांनो, तुमचं कुणी अशा जागी असेल, तर न कळवता जा. रविवार सोडून जा. उशाचं बटण स्वतः दाबा आणि कोण येतं ते बसून बघा. कुणी आलं नाही, तर गप्प राहू नका. कायद्याचे कान जड आहेत. त्याला ऐकू जाईपर्यंत तुम्ही ओरडा.