दूध पाजताना कुठे बघायचं

बारकीच्या सासूचं आणि माझं पहिल्या दिवसापासून वाजलं. बारकीच्या बाळाचा ओठ जन्मतःच एका बाजूनं थेट नाकपुडीपर्यंत उघडा, आत टाळूही दुभंगलेली. दवाखान्यात ते बघून सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडे असं कुणाचं नाही." मी म्हटलं, "आता आहे, काकू." त्या माझ्या डोक्यात गेल्या त्या गेल्याच, आणि मी त्यांच्या.

बारकी आणि मी फोटो स्टुडिओत एकाच टेबलाशी बसतो. लोकांचे चेहरे कॉम्प्युटरवर सुधारायचं आमचं काम. पुरळ पुसायचं, हनुवटी आवळायची, वाकडा दात सरळ करायचा. बारकीचा हात असा की गिऱ्हाईक स्वतःचाच फोटो बघून लाजतं. पण या धंद्यानं एक वाईट खोड लागते. चेहरा समोर आला की माणूस नंतर दिसतो, आधी काय पुसायचं ते दिसतं.

आता ती बाळंतीण, आणि दुपारच्या सुट्टीत मी तिच्या घरी. बाळाचं वजन वाढलं तरच ओठाचं ऑपरेशन, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि वजन काही केल्या हलत नव्हतं. त्याला अंगावर पिता येईना म्हणून नर्सनं दाबायची मऊ बाटली दिली होती. बाळाला उभं धरायचं, नजर त्याच्या तोंडावर ठेवायची. त्यानं ओढलं की दाबायचं, तो थांबला की थांबायचं. माझ्या हातून तो बाटली संपवायचा. बारकीनं घेतला की ठसका, नाकातून दूध, आणि निम्मं दुपट्यावर.

मला संशय सासूबाईंचा. बारकी पाजायला बसली की दार लोटून घ्यायची. तेवढ्या वेळात मी दुपटी धुवायची आणि त्या बाहेर बाटल्या उकळायच्या. त्या दिवशी आतून पुन्हा ठसका ऐकू आला आणि माझा पारा चढला.

"काकू, बारकीला देता त्या बाटलीच्या निपलचं भोक तुम्ही सुईनं मोठं केलंय ना?"

"मी कशाला करू?"

"लवकर उरकावं म्हणून. तुम्हाला कुठे पोराची पडलीये."

त्यांनी चिमटा खाली ठेवला. "लई शहाणी आहेस ना तू? मग जा आत आणि बघ, तुझी मैत्रीण पाजताना कुठे बघते ते. माझं ती ऐकत नाही. सासूचं कोण ऐकतं?"

मी दार ढकललं. बारकीनं बाळाला मांडीवर आडवं घेतलं होतं, त्याच्या तोंडावर रुमालाचं टोक, बाटली अंदाजानं आत. समोर उशीला टेकवून फोन ठेवलेला. त्यावर बाळाचा फोटो होता. ओठ अखंड, नाक सरळ, नाकाखालची सावलीसुद्धा जिथल्या तिथे. असं काम आमच्या स्टुडिओत एकटी बारकीच करते. बाई त्या फोटोकडे बघून हसत होती, आणि मांडीवरचं पोर गुदमरत होतं.

माझं डोकंच फिरलं. मी फोन उचलला.

"दे इकडे," ती म्हणाली.

"हा कोण?"

"माझा मुलगा. ऑपरेशन झाल्यावरचा."

"याला उपाशी ठेवून त्याला हसतेस? लाज वाटत नाही?"

"तुला काय जातंय बोलायला? तू दुपारी येतेस, शहाणपणा शिकवतेस आणि जातेस. मला चोवीस तास बघावं लागतं. मी याच्याकडे बघितलं की हात शिवशिवतात. आई म्हणून नाही बघता येत मला, कळलं? दुरुस्त करायलाच बघते मी. फोन दे."

मला तिची कीव यायला हवी होती. आली नाही. आला तो रागच. मी फोन खुर्चीवर ठेवला आणि त्यावर बसले.

"ऊठ."

"नाही उठत. पाज त्याला."

"तूच पाज ना. तुला येतं."

"आजपासून मी हात लावणार नाही. रडू दे."

तो रडायला लागलाच होता, पिळवटून. बारकी दारात उभ्या सासूकडे वळली. "आई, हिला बाहेर काढा."

मला वाटलं, आता माझी उचलबांगडी. सासूबाईंनी माझ्याकडे बघून नाक मुरडलं आणि म्हणाल्या, "बसून राहा गं."

बारकीनं आम्हा दोघींचा उद्धार केला. सटवी, कैदाशीण, काय वाटेल ते. तोंडानं चालूच होतं, हातानं तिनं रुमाल ओढून फेकला, बाळाला उभं केलं आणि बाटली लावली. पहिला घोट नाकातून आला. तिनं डोळे गच्च मिटले. तो पुन्हा रडला, तेव्हा तिला ते उघडावे लागले. त्यानं ओढलं, तिनं दाबलं. तो थांबला. ती थांबली. त्या उघड्या ओठाकडे ती बघत होती आणि तिचे गाल भिजत होते. शिव्या हळूहळू बंद पडल्या. बाटलीतलं दूध खाली खाली जायला लागलं.

"तुला मी कधी माफ करणार नाही," ती म्हणाली. "चालती हो. पुन्हा या घरात दिसू नकोस."

मी उठले. फोन खुर्चीवर तसाच राहिला. आमच्या इतक्या वर्षांच्या मैत्रीचा असा निकाल लावताना तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर दूध नाकात गेलं असतं.