कोणाची कुठली खोली

"बोट आवर गो तुझा! माका अजून जिनो दिसता आणि तू न्हाणीत पावलंस!"

चंद्रावती अक्का माझ्या कानात कुरकुरली. कानातच, कारण इयरफोन लावलेला. बाई चोपड्याला नदीकाठी बसलेली आणि मी इथे डिचोलीत, पण वाटावं की माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवूनच बोलतेय.

"तुझी रेंजच आळशी, अक्का," सुर्ल्याहून विनिता म्हणाली. "भायर बाल्कांवात, बाकार येऊन बस."

"बाल्कांवात माकडां असत."

"मगे त्यांकाय दाखव घरां," मोप्याहून संजना म्हणाली आणि, विमानतळ शेजारीच, तिच्या डोक्यावरून विमान गेलं, म्हणून पुढचं हसू आम्हाला ऐकू आलं नाही.

दर गुरुवारी दुपारी साडेतीनला, भांडी झाल्यावर, आमचं हे असतं. पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही चौघी पेडण्याला शिवणाच्या वर्गात भेटलो. वर्ग सहा महिन्यांत बंद पडला, आम्ही चालू राहिलो. माझी लेक पुण्याला जाताना जुना लॅपटॉप ठेवून गेली आणि म्हणाली, "आई, ह्याला हात लावू नकोस, बिघडेल." म्हणून लावला. माझा पडदा तिघींच्या फोनवर कसा दाखवायचा ते माझं मीच शिकले. पहिल्या दिवशी 'नवरा घोरतो उपाय' हे मी शोधलेलं तिघींना दिसलं. ते त्या मरेपर्यंत विसरणार नाहीत.

आम्ही बघतो ती विकायला काढलेली घरं. घेणार कोणीच नाही. दिल्ली-मुंबईच्या लोकांसाठी एक साइट आहे, त्यात आपलेच गाव असे लिहिलेले असतात की ओळखू येत नाहीत. 'पेडण्याचं नि:शब्द खेडं' वाचलं की संजना म्हणते, "खय असा ता? माका पत्तो दिया, मी थयच निजाक जातंय." किंमत वाचून हसायचं, न्हाणीघराला नावं ठेवायची, आणि मग कोणाची कुठली खोली ते ठरवायचं. हा आमचा नेम. चौघींनी आपापली खोली सांगितल्याशिवाय पुढचं घर उघडायचं नाही. आजवर आम्ही अशी दोनशेएक घरं वाटून घेतली असतील. भांडणंही झालीत. कांदोळीच्या एका माडीवरून विनिता आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हती.

त्या गुरुवारचं ते तिसरं घर. 'नदीकाठचं, प्रेमानं जपलेलं.' फोटो त्या रुंद भिंगाने काढलेले, कोंबड्यांचं खुराडंही सभागृह दिसावं असे. अंगण, ओसरी, जिना, न्हाणी. मी पुढे सरकले. निजायची खोली. पलंगावर पांढरी चादर, चादरीवर भरतकामाचे दोन पोपट, आणि त्यातल्या डावीकडच्याची चोच वर वळलेली.

ती चोच माझ्या हातून बिघडली होती. चादर माझी होती.

दीड महिन्यामागे अक्काच्या मुलाने, श्रीनाथने, मस्कतहून कळवलं होतं, घराचे फोटो काढायला माणूस येईल, मोठे करून इथल्या भिंतीवर लावायचेत, घराची आठवण येते. अक्का इतकी हरखली की आदल्या दिवशी आम्ही तिघी बस पकडून चोपड्याला गेलो. लग्नघर असावं तसं काम केलं. अंगण शेणाने सारवलं, जनेलांच्या काचा पुसल्या, संजनाने कुंपणावरचं गवत काढलं. विनिताने सुर्ल्याहून पितळेची समई आणली, मी चादर. आमच्याकडे पाहुणा येणार म्हटलं की शेजारणी आपलं चांगलं ते नेऊन मांडतात; फोटोवालाही पाहुणाच. त्याला अक्काने पातोळ्या बांधून दिल्या. एका घराला गिऱ्हाईक मिळावं म्हणून जे जे करायचं, ते सगळं आम्ही आमच्या हातांनी केलं आणि वर हसत हसत केलं.

आणि येत्या आयतवारी श्रीनाथ येणार होता, वकील घेऊन. विजेचा मीटर अक्काच्या नावावर करायचा, दोन-चार सह्या, असं तिला सांगितलेलं. अक्काचे यजमान कृष्णनाथभावजी गेल्यावर अर्धं घर तिचंच. तिच्या सहीशिवाय गोव्यात कोणी ते विकू शकत नाही. हे मला माहीत, विनिताला माहीत, संजनाला माहीत. अक्काला माहीत आहे की नाही, कोणी विचारलं नव्हतं.

"अगो, हा..." संजना म्हणाली आणि थांबली. विनिता खोकली.

अक्काकडे चित्र उशिरा पोचतं. माझ्या हातात चार-पाच श्वास होते. मी दुसरंच घर उघडलं, निळ्या तलावाचं, कुठल्याशा टेकडीवरचं.

"बघा गो, पाण्यातच मेज-खुर्च्यो मांडल्यानी!" मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

बाजूला ठेवलेला फोन थरथरला. संजना: 'ता अक्काचा मगे?' लगेच विनिता: 'काय बोलू नको. हात जोडतंय.'

विनिताचा मुलगा प्रज्योत मस्कतला श्रीनाथच्याच हाताखाली आहे. श्रीनाथनेच त्याला नेला. प्रज्योतचे वडील खाणीच्या ट्रकावर असताना खाणी थांबल्या, ट्रक दारात गंजला, तेव्हा त्या घराची चूल श्रीनाथमुळे पेटली. आणि मी? मला काय नडलं होतं? पोटच्या पोराबद्दल आईला सांगायचं म्हणजे जीभ भाजावी लागते, आणि मी नेहमी फुंकून पिणारी.

"आधीचा घर खय गेला?" अक्का म्हणाली.

"तेच्यात काय नव्हता, अक्का. ह्या बघ, पाण्यातला..."

"खोल्यो वाटूक नाय. नेम म्हणजे नेम. मागे वच."

मी मागे गेले. दुसरा इलाज नव्हता. अंगण. ओसरी. तिच्या फोनवर एकेक चित्र उतरत होतं आणि आम्ही तिघी तिच्या श्वासाकडे कान लावून होतो.

"बाई टापटीपीची दिसता," अक्का म्हणाली.

मी पुन्हा अंगणाच्या फोटोवर आले.

"अंगण कसा सारवलाहा बघा. एक हात फिरूक नाय ह्या अंगणात, तीन-चार हात फिरलेहत. संजू, तुका खयची खोली?"

"माका..." संजनाचं घर विमानाने भरलं. विमान गेलं. मग म्हणाली, "बाल्कांव."

"शाले, तुका?"

"मधली," मी म्हटलं. पडद्यावरचा बाण मी उगीच फिरवत होते, छपरावरून तुळशीवर, तुळशीवरून छपरावर. तो फिरताना तिघींना दिसत असणार हे मला उशिरा सुचलं. मी हात मांडीखाली घातला.

"विनी?"

"माका नको, अक्का. माका आज डोक्यात कळा मारतत."

"बरा. मगे माझी," अक्का म्हणाली. "माका रांदपाघराच्या पाठची लहान खोली. तिची जनेल नदीकडे उघडता. कडी घट्ट असा, वयर उचलून ओढूक व्हयी. पण उघडली काय वारो असो येता, पंखो नको."

मी सगळे फोटो पुन्हा चाळले, घाईघाईने, मूर्खासारखे. चौदा फोटो. स्वयंपाकघरामागच्या खोलीचा एकही नव्हता. तिथे अक्का जुने डबे आणि नारळ ठेवते, म्हणून त्या दिवशी आम्हीच ते दार ओढून घेतलं होतं.

फोनवर 'विनिता लिहीत आहे' असं आलं. गेलं. परत आलं. परत गेलं.

"नेट गेला काय?" अक्काने विचारलं.

"नाय. असा," मी म्हटलं.

"मगे बोला गो कोण तरी. तुमी तिघीय एकदम कधी गप बसल्यात?" ती जराशी हसली. त्या हसण्याला टेकायला काही नव्हतं. "आयतवारी श्रीनाथ येतलो. मीटराचे कागद म्हणता. माका बारीक अक्षर दिसना. तो बोट ठेवतलो थय मी सही करतलंय, दुसरा काय करतलंय?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. संजनाही आत श्वास घेताना ऐकू आली. पण तेवढ्यात विनिताने कॅमेरा लावला. आम्ही कधी लावत नाही, दुपारच्या अवतारात कोण लावणार. केस सुटलेले, डोळे लाल, मागे प्रज्योतचा मस्कतचा फोटो खिळ्याला टांगलेला.

"अक्का," ती म्हणाली, "कागद मीटराचे न्हयत. ह्या घर तुझा. श्रीनाथान ता विकूक काढल्यान हा, तुका न विचारता. तू सही करू नको."